मँचेस्टर ठीक, पण सुप्याचं काय?
पोलिटिकल इकॉनॉमी (राजकारण आणि अर्थव्यवहार यांचा एकत्र अभ्यास) घेतली की फक्त इंग्लंडच्या गिरण्या घोकायच्या, आपल्याकडचं त्यात काहीच नसतं असं एकाने म्हटलंय, ते अर्धंच पटलं. सिलॅबस तसा असतो खरा, पण टर्म पेपरला दख्खनचे दंगे, म्हणजे १८७५चा शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव, घ्या ना! १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला, मुंबईत भाव भडकले आणि सावकार शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज देत सुटले, १८६५ला युद्ध संपलं, भाव आपटले, वर सरकारने शेतसारा वाढवलेला, मग उधारी बंद. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. माणसांना फारसा हात लावला नाही, राग सगळा कागदांवर. (चौकशी आयोगाचा रिपोर्ट जरूर वाचा, सरकारी चष्म्यातून लिहिलाय एवढं ध्यानात ठेवून.)