पांढरे ठिपके म्हणजे एमएसच असं नाही

'एमआरआयमध्ये पांढरे ठिपके आले, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच' (एमएस: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) असं बरेच जण धरून चालतात, तिथे जरा थांबा. असे ठिपके मायग्रेन, जुना रक्तदाब, अगदी नुसत्या वयानेही उमटतात. खरा प्रश्न, ते कुठे आहेत आणि कधीचे आहेत. एमएसमधले ठिपके बरेचदा मेंदूतल्या पोकळ्यांना चिकटून, लांबुळके, बाहेरच्या बाजूला बोटं पसरावीत तसे दिसतात; 'डॉसन्स फिंगर्स' म्हणतात ते हेच. शिवाय कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) किंवा त्याला लागून, मेंदूस्तंभ-लहान मेंदूत आणि मज्जारज्जूत. एमएसचं निदान ठरवण्याच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०१७ च्या आवृत्तीत (ती नंतर २०२४ मध्ये सुधारली गेली) या चारपैकी किमान दोन जागा लागत.

'कधीचे' हे गॅडोलिनियम या स्कॅनमध्ये उजळणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनने कळतं. ताज्या ठिपक्यात ते झिरपतं आणि तो काही आठवडे उजळतो. जुना उजळत नाही. एकाच स्कॅनमध्ये ताजे-जुने दोन्ही सापडले, तर आजार वेगवेगळ्या वेळी उमटल्याचं दिसतं आणि पुढच्या स्कॅनची वाट पाहावी लागत नाही. नाहीतर पाठीतलं पाणी काढून ऑलिगोक्लोनल बँड्स (त्या पाण्यातल्या प्रतिपिंडांचे तपासणीत दिसणारे पट्टे) बघतात.

आणि २०१७ चे हे निकष मुळात एमएससारखी लक्षणं आलेल्यांसाठी होते (एका डोळ्याची नजर दुखत दुखत अंधुक होणं, पाय बधिर पडणं वगैरे). डोकेदुखीसाठी काढलेल्या स्कॅनवर 'डिमायलिनेशन (नसांचं आवरण झिजणं) नाकारता येत नाही' असं लिहून आलं, तर फिल्म घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा, नुसता रिपोर्ट नको.