‘कंट्री’ला मराठीत काय म्हणाल?

रेघोट्या: एक लेख मराठीत करतेय. विषय ऑस्ट्रेलियातलं वाजेमप बेट, नकाशावर रॉटनेस्ट. तिथल्या मूळच्या नूंगार लोकांचं हे आत्म्यांचं ठिकाण. १८३८ ते १९०४ तिथे आदिवासी पुरुषांचा आणि पोरांचा तुरुंग होता. साडेतीन हजारांवर कैदी, ३७०हून जास्त तिथेच मेले. ‘कनेक्शन टू कंट्री’वर अडलेय, म्हणजे तिथल्या आदिवासींचं आपल्या जमिनीशी असलेलं नातं. ‘देशाशी नातं’ लिहिलं की पंधरा ऑगस्टचं भाषण वाटतं.

खडूस: ‘भूमीशी नाळ’. संपलं.

जुना_देशस्थ: ‘देश’ काय वाईट? आजी ‘देशावर जाऊन येते’ म्हणायची, म्हणजे साताऱ्याला.

माळावरचा: ‘वतन’ घ्या. जमीन आली, वारसा आला, जबाबदारीही आली.

खडूस: अरबी शब्द. उसनवारी कशाला?

निळी_शाई: अरबी असो की संस्कृत, माझ्या पणजोबांना वतन म्हणजे फुकटची राबणूक होती. बाबासाहेबांनी १९२८ सालीच महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. तुरुंगाच्या लेखात हा शब्द नकोच.

पर्थकर: नाळही बसत नाही. नाळ पुरतात जन्मल्या ठिकाणी. इथे कितीतरी कैदी पार उत्तरेकडच्या किंबर्ली भागातून साखळदंडात आणलेले. त्यांची हाडं आहेत बेटावर. २००७पर्यंत त्या दफनभूमीवर लोक सुट्टीत तंबू ठोकायचे, तुरुंगाच्या इमारतीत २०१८पर्यंत हॉटेल. नवीन होतो तेव्हा राहिलोय. कोठड्यांमधली भिंत पाडून केलेली खोली. सकाळी अंगणात चहा घेत बसलो होतो, एक क्वोक्का, तिथला छोटा कांगारूसारखा प्राणी, बिस्किटाचा वास घेत पायाशी आला. फोटो काढला. बाकीचं नंतर कळलं.

जुना_देशस्थ: मग ‘काळं पाणी’ म्हणा!

रेघोट्या: तेही लिहून खोडलं. सावरकरांना अंदमान परकं होतं. वाजेमप नूंगारांचं आपलंच. साधारण सात हजार वर्षांपूर्वी समुद्र चढून ते तुटलं, त्याआधी तिथे चालत जाता यायचं.

निळी_शाई: अंदमान तरी कुठे ओसाड होतं? तिथल्या मूळच्या लोकांना विचारा, काळं पाणी कुणी आणलं.

खडूस: ‘आदिवासी’ही चूक. ‘मूलनिवासी’ हवं.

माळावरचा: झालं! आता दोन पानं यावर.

पर्थकर: नूंगार भाषेत जमिनीला ‘बूजा’ म्हणतात. तोच ठेवा की.

जुना_देशस्थ: बूजा? अहो, भू-जा! भूमीतून जन्मलेली. मुळात आपलाच शब्द!

खडूस: हे मात्र पटलं.

रेघोट्या: लेख सोमवारी द्यायचाय हो.