निवृत्तीनंतरच्या प्रवासासाठी छोटी कॅम्पर व्हॅन : कोणती निवडावी?

प्रश्न

आम्ही दोघे लवकरच सेवानिवृत्त होत आहोत आणि त्यानंतर वर्षातले काही महिने फिरतीवर राहायचे, हे नक्की केले आहे. अरुंद रस्त्यांवर धास्ती वाटू नये म्हणून सहा मीटरच्या आतली कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, हवी आहे. फोक्सवॅगन कॅलिफोर्नियासारखी, छप्पर वर उचलता येणारी गाडी घ्यावी की फियाट डुकाटो या मालवाहू व्हॅनवर बांधलेली उंच छपराची, येथे आमचे घोडे अडले आहे. पत्नीचे गुडघे दुखतात आणि मला रात्री एकदोनदा उठावे लागते. अशा गाडीत दीर्घकाळ राहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

गुडघ्यांचा आणि रात्री उठण्याचा उल्लेख तुम्ही ओघात केला आहे, परंतु माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. टी ६.१ पिढीची कॅलिफोर्निया सुमारे ४.९ मीटर लांब आणि जेमतेम २ मीटर उंच असल्याने उंचीची मर्यादा असलेल्या अनेक वाहनतळांत जाते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र वरच्या बिछान्यावर चढावे लागते आणि खाली झोपायचे तर रोज रात्री आसने पाडून अंथरूण घालावे व सकाळी ते आवरावे लागते. चार दिवसांच्या सहलीत याचे काही वाटत नाही. महिनोन्महिने राहायचे असेल तर कायमचा पलंग आणि आत स्वच्छतागृह असलेली गाडीच घ्यावी.

डुकाटोच्या ५.९९ मीटरच्या गाडीत पलंग बहुधा मागच्या बाजूला आडवा असतो. त्यावर मागच्या दाराकडे झोपणाऱ्याला उठताना जोडीदाराला ओलांडावे लागते, आणि उंच माणसाचे पाय भिंतीला टेकतात. ६.३६ मीटरच्या गाडीत गाडीच्या लांबीच्या दिशेने दोन स्वतंत्र पलंग मिळू शकतात, तेव्हा ३७ सेंटिमीटरसाठी तुमची अट थोडी सैल करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. गाडी पाहायला जाल तेव्हा दोघांनी पलंगावर आडवे व्हावे, दिवे बंद करायला सांगावे आणि तेथून उठून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन पाहावे. पायरी किती उंच आहे आणि हात कशाला धरता येतो, हे तेव्हाच कळते.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. वजनाचा मुद्दा मात्र राहिला. अनेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते आणि बहुतेक छोट्या कॅम्पर याच मर्यादेत नोंदवलेल्या असतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. त्यात दोन माणसे, गॅस, सायकली आणि बाहेरची कनात धरली की कागदावर भरपूर दिसणारी भारक्षमता पाहता पाहता संपते. विक्रेत्याच्या आकड्यावर विसंबू नका, सर्व जोडसामानासह गाडी वजनकाट्यावर नेऊन पाहा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता लांब गाडीही पाहू. जुनी गाडी घेतल्यास आणि थंडीतही राहायचे असल्यास काय तपासावे?

प्रतिसाद ३

जुन्या गाडीत सर्वप्रथम ओल शोधावी. छपरातल्या खिडक्यांचे कोपरे आणि कपाटांच्या आतल्या भिंती बोटाने दाबून पाहाव्यात. पृष्ठभाग मऊ लागला किंवा कुबट वास आला तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ती गाडी सोडून द्यावी.

थंडीसाठी गॅस प्रोपेनच हवा, कारण ब्यूटेनचे शून्य अंशाच्या आसपास वायूत रूपांतर होणे थांबते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. कार्बन मोनॉक्साइडची धोकासूचक घंटा नसेल तर पहिल्या मुक्कामाआधी बसवावी, यात तडजोड नको. विजेचे म्हणाल तर १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १२८० वॉट-तास ऊर्जा साठते आणि ती बरीचशी वापरता येते. शिसे-आम्लाच्या बॅटरीची निम्मीच वापरणे हिताचे असते. मात्र साधी लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, म्हणून ती गाडीच्या उबदार भागात बसवलेली आहे ना, हेही पाहून घ्यावे.