न्यायिक भ्रष्टाचार की न्यायालयीन भ्रष्टाचार?

प्रश्न : न्यायाधीशाने लाच घेतल्याच्या बातमीत कधी 'न्यायिक भ्रष्टाचार' असते, कधी 'न्यायालयीन भ्रष्टाचार'. योग्य कोणते? आणि अशा न्यायाधीशाला काढण्याच्या प्रक्रियेला 'महाभियोग' म्हणावे का?

प्रतिसाद : व्याकरणाने दोन्ही ठीक आहेत, पण त्यांत फरक पाळावा असे माझे ठाम मत आहे. न्यायालयीन म्हणजे न्यायालयाशी संबंधित. निकालाची नक्कल लवकर हवी असेल तर मागितले जाणारे चहापाणी, समन्स बजावायला चालढकल करणारा बेलिफ, पैसे मिळेपर्यंत फाइल 'सापडत नाही' असे सांगणारा कारकून, हे सगळे त्यात येते. न्यायिक म्हणजे खुद्द न्यायदानातला. जामीन, मनाई हुकूम किंवा निकालच विकला गेला, तर तो न्यायिक भ्रष्टाचार.

बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो. नक्कल विभागात कोणाच्या तरी हातावर नोट ठेवून आलेला पक्षकार घरी सांगतो, 'कोर्टाला पैसे चारावे लागले.' ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर न्यायाधीश उभा राहतो. निकाल विरोधात गेला की 'जज मॅनेज झाला' हेही तसेच. यात प्रामाणिक न्यायाधीशाची हकनाक बदनामी होते आणि खरोखर निकाल विकणारा 'सगळीकडे असेच चालते' या समजुतीआड लपतो. म्हणून कोणी, कशासाठी पैसे घेतले हे शब्दातून कळलेच पाहिजे.

'महाभियोग' हा शब्द राज्यघटनेत फक्त राष्ट्रपतींसाठी आहे, अनुच्छेद 61 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना 124(4) नुसार 'पदावरून दूर' केले जाते. उच्च न्यायालयांनाही तीच पद्धत लागू आहे. त्याला कारणे दोनच : सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता. अमेरिकेत न्यायाधीशांवरही महाभियोगच चालतो, त्यामुळे आपल्याकडेही तो शब्द बातम्यांत रुळला असावा.

उपप्रश्न : लाचखोरीला नुसते 'गैरवर्तन' म्हणणे फारच मवाळ नाही का?

प्रतिसाद : कानाला मवाळ लागते खरे. पण लाचेचा फौजदारी गुन्हा वेगळा आहेच. वीरास्वामी खटल्यात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवकच आहेत. मात्र सरन्यायाधीशांशी विचारविनिमय झाल्याशिवाय गुन्हा नोंदवता येत नाही. पदावरून दूर करण्याच्या तरतुदीत खरा भार 'सिद्ध' या शब्दावर आहे. आणि सिद्ध होऊनही भागत नाही. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर सरकारी निवासस्थानावरच्या वारेमाप खर्चाचे आरोप होते. चौकशी समितीने त्यांना अनेक आरोपांत दोषी धरले. मे 1993 मध्ये लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने 196 मते पडली, विरोधात एकही नाही, पण 205 सदस्य तटस्थ राहिले. अशा प्रस्तावाला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचेही बहुमत लागते, ते न मिळाल्याने प्रस्ताव पडला. न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव 2011 मध्ये राज्यसभेने मंजूर केला. तो लोकसभेत येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

याचे मला फार वाईट वाटते, कारण ज्याचे भांडण सरकारशीच आहे, ज्याची जमीन घेतली गेली किंवा ज्याला विनाकारण अटक झाली, त्याला सरकारच्या बरोबरीने उभे राहता येते अशी न्यायालय ही एकच जागा आहे. तिथला निकाल विकाऊ झाला, तर पाच वर्षांनी येणारे मत त्याची भरपाई करू शकत नाही. निवडणुकीवरचा तंटाही शेवटी न्यायाधीशासमोरच जातो.

उपप्रश्न : मग बातमीत 'महाभियोग' ऐवजी काय लिहावे?

प्रतिसाद : 'पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव' लिहावे. मथळ्यात जागा कमी असेल तर 'पदच्युतीचा प्रस्ताव' चालेल. फक्त चौकशी समितीचा अहवाल येईपर्यंत 'भ्रष्ट न्यायमूर्ती' लिहू नये, 'आरोप असलेले' लिहावे. आणि कारकुनाच्या लाचेच्या बातमीला 'न्यायिक' हे विशेषण कधीच लावू नये.