मदत हवी आहे: भाच्याच्या ईआरजीत 'बी' लाट लहान

नमस्कार. मी डिचोलीचा, धंद्याने वायरमन. भाचा नऊ वर्षांचा, जाड भिंगाचा चष्मा. चवथीला लाईट गेली तेव्हा बाकीची पोरं गणपतीच्या माटोळीखाली दंगा करत होती आणि हा भिंतीला हात लावून जागच्या जागी उभा. मग डॉक्टर, मग ईआरजी, म्हणजे उजेडाला डोळ्याचा पडदा विजेचा काय सिग्नल देतो ते मोजणारी तपासणी. काळोखात बसवून ठेवलं, नंतर फ्लॅश मारले. रिपोर्ट: 'ए' लाट नॉर्मल, 'बी' लाट तिच्याहून लहान. जन्मजात रातांधळेपणा, वाढणार नाही म्हणाले. बाहेर रांग होती, जास्त विचारता आलं नाही.

घरी येऊन वाचलं. रॉड म्हणजे पडद्यातली मंद उजेडात बघणारी पेशी. काळोखात तिचे चॅनेल उघडे, सोडियम आत येतो, व्होल्टेज उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास. उजेड पडला की चॅनेल उघडे धरणारं सीजीएमपी हे रसायन घटतं, चॅनेल मिटतात, व्होल्टेज उणे ७० कडे. रस्त्यावरच्या दिव्याचा फोटोसेलच की हा! पण 'ए' लाट रॉडची आणि ती ठीक, तर पोराला रात्री दिसत का नाही? फॉल्ट नेमका कुठे?

प्रतिसाद १
फोटोसेल शाबूत आहे दादा, पुढचा रिले ओढत नाहीये. रॉड काळोखात सतत ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडतो, उजेडात ते कमी होतं. पलीकडच्या, निरोप पुढे नेणाऱ्या ऑन बायपोलर पेशीत टीआरपीएम१ हे चॅनेल असतं. ग्लुटामेट येतंय तोवर बंद. ओघ आटला की उघडतं. 'बी' लाट मुख्यतः तिथली. रॉडचा निरोप बहुतेक याच वाटेने जातो. लख्ख उजेडात बघणाऱ्या कोन पेशींना ऑफ बायपोलरची दुसरी वाट असते, म्हणून दिवसा निभावतं.

मात्र चॅनेलच खराब असेल असं नाही. ते चालवणाऱ्या साखळीतलं एखादं प्रथिन नसेल, किंवा रॉडच्या टोकाचं कॅल्शियम चॅनेल बिघडलं असेल. दोन गोष्टी सांगा. अगदी मंद फ्लॅशची रेघ सपाट आहे की थोडी उठते? कॅल्शियमवाल्या प्रकारात बहुधा थोडी उठते. आणि आईच्या माहेरी कुणा पुरुषाला असं आहे? त्या साखळीतल्या एका प्रथिनाचं एनवायएक्स हे जनुक एक्स क्रोमोसोमवर असतं, दोष आईकडून मुलाकडे येतो.

धागाकर्ता
सपाट आहे. आणि आमचे बाबा, म्हणजे त्याचे आजोबा, काळोख पडला की सायकल हातात धरून चालत घरी यायचे. मला वाटायचं डायनॅमो बिघडलाय. दोनदा बदलून दिला होता.