नेहमीच्या कपाटाबाहेरचं एक पुस्तक

ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर घरात आलो तर पुस्तकांच्या कपाटाचं दार उघडेना. पुस्तकं पाणी पिऊन फुगली होती आणि आतून दाराला रेटून बसली होती. शेवटी भावानं पहार घालून दार काढलं. खालचे तीन कप्पे गेलेच. वरची ओली पुस्तकं गच्चीवर उभी करून पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, तरी गुळगुळीत कागदाची सगळी विटेसारखी चिकटून गेली.

दिवाळीनंतर, काय काय परत आणायचं याची यादी करायला बसले. मी आयुष्यभर कादंबऱ्या वाचत आले. कोल्हापूरच्या माणसाला त्यांची वाण कधीच नव्हती; खांडेकर इथेच राहिले, रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. पण यादीत पहिलं नाव लिहिलं गेलं ते दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’चं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांवर ललित लेख, त्यात ना नायक ना कथानक. अकरावीत असताना शेजारच्या काकूंनी ते हातात ठेवलं होतं आणि केवळ त्यांना नाही म्हणवेना म्हणून मी घेतलं होतं. आज घरासमोरच्या पिंपळाला कधी तांबूस पालवी फुटते ते मला ठाऊक असतं, ते त्या पुस्तकामुळे.

म्हणून सगळ्यांना विचारते. तुम्ही एरवी जे वाचता त्याच्या बाहेरचं, कुणीतरी हातात दिलं म्हणून वाचलेलं आणि मग घरातलंच होऊन गेलेलं एक पुस्तक सांगा. नुसतं नाव नको. कुणी दिलं, कुठं बसून वाचलं आणि आता तुम्ही ते कुणाला द्याल, हेही लिहा.

शिरोली, फौंड्रीत कामाला

ताई, मी काय लई वाचणारा न्हवं. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा तेवढ्या वाचायचो, त्याबी भाड्याच्या लायब्ररीतनं आणून. त्यातला अमर विश्वास म्हंजे आमचा हिरो. आमच्या साच्यावरच्या एका वयस्क मिस्त्रींनी ‘झोंबी’ दिलं. म्हणले, आपल्या कागलचा माणूस हाय, वाच. रातपाळीला भट्टी तापंस्तवर अर्धा-पाऊण तास मिळतो, तेवढ्यात वाचायला घेतलं.

आनंद यादवांनी सोताचीच कथा लिवलीया. पोराला शाळा पायजे आन् बापाला शेतात राबणारा गडी पायजे. मीबी धावीनंतर शाळा सोडली, बापाच्या सांगण्यावरनंच. वाचताना बापाचा राग येतोय, आन् त्याच पानावर बापाची दयाबी येतीया. घरात खाणारी तोंडं किती आन् पिकतंय किती, हे त्या माणसानं काय लपवलं न्हाई. भाषा आमच्या घरातली. छापलेल्या पुस्तकात आमची भाषा असती हे मला तवा पयल्यांदा कळलं. १९९० ला त्याला साहित्य अकादमी मिळाली, ते मिस्त्रींनीच सांगितलं. पोरगं धावीला गेलं की त्याला देणार हाय. त्याला कुणी शाळा सोड म्हणणार न्हाई, पण आज्जाचं घर कसं हुतं ते कळंल.

राजारामपुरी, बँकेतून निवृत्त

माझं माहेर सोवळ्याओवळ्याचं. लग्नानंतर सासूबाईंनी मला दोन पुस्तकं दिली. एक कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आणि दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. पहिल्याचा उपयोग लगेच कळला. वाटी आणि चमचा एवढ्याच मापात सगळं सांगितलंय, त्यामुळे नोकरी करणाऱ्या नव्या सुनेला ते पुस्तक म्हणजे आधार होता. आमच्या प्रतीतलं अनारशाचं पान तुपानं इतकं पारदर्शक झालंय की मागच्या पानावरची अक्षरं पुढून वाचता येतात.

‘स्मृतिचित्रे’ मी सहा महिने उघडलंच नाही. आत्मचरित्र म्हणजे मोठ्या माणसांनी स्वतःविषयी सांगितलेल्या मोठ्या गोष्टी, असं डोक्यात बसलं होतं. मग एका रविवारी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या कडक सोवळ्याची सुरुवातीची पानं वाचली आणि मला माझे आजोबा दिसले. १८९५ मध्ये त्यांच्या नवऱ्यानं, कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तिथून पुढे ती बाई एकटी पडते, रडते, रागावते, आणि हळूहळू तिच्या मनातली शिवाशीव गळून पडते. हे सगळं कुठलाही आव न आणता, स्वयंपाकघरात बसून सांगावं तसं. सासूबाईंनी मला ते का दिलं होतं, हे वाचून झाल्यावर त्यांना विचारावं लागलं नाही.

धाकट्या सुनेला मी दोन्ही दिली आहेत. ती अजून ‘रुचिरा’वरच आहे.

विद्यापीठ परिसर, भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी

मी इंग्रजी फॅन्टसीच वाचायचे, मराठीत विज्ञानकथा असतात हेच माहीत नव्हतं. नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा आमच्या मॅडमनी वर्गात सांगितलं की त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. आणि ‘यक्षांची देणगी’ वाचायला दिलं. मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी स्वतःचं नाव न लावता ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी केली की ते नाव तयार होतं. बक्षीस त्या कथेलाच मिळालं. नावाच्या वजनावर काहीच नको होतं त्यांना.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा वाचा. डावं-उजवं बदलणं ही कल्पना आम्ही वर्गात समीकरणातून शिकलो, पण ती डोक्यात बसली कथेमुळे. बारावी सायन्सच्या प्रत्येक मुलाला मी हे पुस्तक सुचवते.

राधानगरी

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’. दाजीपूरच्या अभयारण्यात गवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी हेच सांगतो. वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची झुंज, एवढाच विषय. एका बैठकीत संपतं. वाचल्यावर माणूस जंगलात कमी बोलतो, हा माझा अनुभव आहे.

उत्तरेश्वर पेठ, एसटीतून निवृत्त कंडक्टर

ऐतिहासिक कादंबरी माझा जीव की प्राण. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘पानिपत’ सगळ्या दोनदा तरी झाल्यात. माझ्या गाडीला नेहमी येणारे एक प्राध्यापक होते. ते एकदा म्हणाले, “पाटील, आता ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्याचं वाचा,” आणि गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ दिलं.

पेणजवळच्या वरसईचे हे विष्णुभट. घरात कर्ज, म्हणून काकांबरोबर दानदक्षिणेच्या आशेनं उत्तर हिंदुस्थानात निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत, शहरात होते. राणीसाहेब त्यांनी जवळून बघितल्या, आणि शहराची लूट, कत्तलसुद्धा. घरी परतताना हाती काय, तर गंगेच्या पाण्याची कावड. कादंबरीत लेखक आपल्याला घोड्यावर बसवतो. इथं तहानलेला, घाबरलेला भिक्षुक आपल्याशेजारी दडून बसलेला असतो. पुस्तक छापून आलं १९०७ ला. भाषा जुनी आहे, पहिली वीस पानं नेट लावून काढा, मग अडत नाही. ज्यांना इतिहास म्हणजे नुसता जयजयकार वाटतो अशा तरुण पोरांना मी हे देतो. कादंबऱ्या सोडा म्हणत नाही. मीही सोडलेल्या नाहीत.

नर्स, रात्रपाळी

इंदिरा संतांच्या कविता. वॉर्डात दोन बेलांच्या मध्ये एक कविता वाचून होते. एका पेशंटच्या आईनं ‘गर्भरेशीम’ माझ्याजवळ ठेवलं होतं, मुलाला घरी नेताना म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडे. अजून आहे.

मंगळवार पेठ, हौशी नट

नाटक वाचायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते बघायचं आणि करायचं एवढंच ठाऊक. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ मध्ये उभं राहिलेलं, आमच्या तीन पिढ्यांचं घर. त्या रात्री आम्ही रस्त्यावर उभे राहून ते जळताना बघत होतो. नंतरचे काही आठवडे तालमीचं कुणी नाव काढेना. मग ग्रुपमधल्या एका ताईंनी आम्हाला त्यांच्या घरी बोलावलं आणि महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वाटून वाचायला दिलं. ना हालचाल, ना प्रकाशयोजना. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि म्हाताऱ्या आजीचं पुन्हापुन्हा वेळ विचारणं, एवढ्यावरच खोलीतली हवा जड झाली. आजीची वाक्यं माझ्या वाट्याला आली होती. तिसऱ्यांदा वेळ विचारताना माझा आवाज फुटला.

चार-पाच जण जमवा आणि वाचा. पाठांतर लागत नाही, भाड्याचा हॉल लागत नाही.

कळंबा

मुलीला फोनपासून लांब ठेवायला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणला. आता झोपताना गोष्टीतलं फेणेचं ‘ट्टॉक’ मीच करायचं, तिनं करायचं नाही, असा तिचा नियम आहे.

रुईकर कॉलनी

सगळ्यांचं वाचतोय. मला सांगायचं नाही, विचारायचं आहे. माझे वडील ७८ वर्षांचे. करवीर नगर वाचन मंदिरात पन्नास वर्षं रोज जाणारे. त्या वाचनालयाची स्थापना १८५० ची, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगायचे. दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेली. मी वाचून दाखवतो म्हटलं तर नको म्हणतात. कादंबरी सुरू केली की दहा मिनिटांत म्हणतात, “राहू दे, तुला कामं आहेत.” काय वाचू?

पुन्हा मी, शाहूपुरी

दादा, कादंबरी नकोच. वडिलांना वाटतं आपण तुम्हाला महिनाभर अडकवून ठेवतोय. शंकर पाटलांच्या कथा घ्या. पट्टणकोडोलीचा माणूस, म्हणजे वडिलांच्या कानाला परका नाही. मिरासदार आणि माडगूळकरांबरोबर त्यांनी गावोगावी कथाकथन केलं, त्यामुळे त्यांचं वाक्य मुळातच तोंडातून यावं असं आहे. ‘धिंड’पासून सुरुवात करा. अर्ध्या तासात संपते. आणि वाचताना मुद्दाम एखाद्या ठिकाणी चुका. पन्नास वर्षं वाचलेला माणूस आहे, तुम्हाला थांबवून दुरुस्त करतील.

माझ्याकडची प्रत पुरात वरच्या कप्प्यात होती, म्हणून वाचली. कडेला चिखलाची एक रेघ आहे, अक्षरं स्वच्छ आहेत. रविवारी सकाळी मी घरी आहे, येऊन घेऊन जा.