कोटींचा खेळाडू, वांग्याचं भरीत आणि आपले बदाम

रामबागवाली (इंदूर)

काल भिशीच्या ग्रुपवर सचिन तेंडुलकरचा जुना व्हिडिओ पुन्हा फिरला. नववर्षाच्या निमित्ताने मित्रांसाठी वांग्याचं भरीत करतोय, तो. खाली चौदा जणींचे बदाम आणि "इतका मोठा माणूस, पण किती साधा नं!"

सचिनशी माझं काही वाकडं नाही. पण भरीत केलं की साधा कसा? आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी रोज पाच घरांत ओट्याशी उभ्या असतात, त्यांना कोण बदाम देतं?

आणि पैसे बघा. आपल्याच इंदूरचा वेंकटेश अय्यर. 2024 च्या नोव्हेंबरातल्या आयपीएल लिलावात 23 कोटी 75 लाख, पुढच्या मोसमात 11 सामन्यांत 142 धावा. म्हणजे धावेला जवळपास पावणेसतरा लाख. आधी खेळाचे असे वारेमाप पैसे, वर कुणी कांदा परतला की लगेच बल्लवाचार्य. पटत नाही मला. तुम्ही सांगा.

होळकर_मैदान

काकू, दोन विषयांची खिचडी केलीत. लिलावातली किंमत खेळाडू ठरवत नाही, बोली लावणारे ठरवतात. त्याच पोराने 2024 च्या अंतिम सामन्यात 26 चेंडूंत नाबाद 52 केल्या होत्या, ते का नाही मोजलं? मोसम वाईट गेला तर पुढच्या लिलावात 7 कोटींवर आला. तुमच्या-आमच्या नोकरीत एका वर्षात पगार तिसऱ्या हिश्शाच्याही खाली येतो का?

आणि खेळाडूला पैसा मिळतो म्हणून पोटात दुखणाऱ्यांनी जुने दिवस आठवावेत. 1944-45 चा रणजीचा अंतिम सामना. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्पटन आपल्या होळकर संघाकडून नाबाद 249 खेळला. असं सांगतात, की शंभराच्या पुढे प्रत्येक धावेला बक्षीस देतो म्हणणारे शेठ खेळ संपेपर्यंत गावातून पसार झाले होते. त्यापेक्षा हा लिलाव बरा, निदान करार तरी असतो.

रामबागवाली

शेठजींचा किस्सा झकास. पण भरिताचं उत्तर नाही आलं.

जीरावन_जास्त

ते मी देतो. काकू, भरीत तुम्ही फार स्वस्तात काढलंत. वांग्याला टोचे मारले नाहीत तर ते शेगडीवर फुटतं. देठाकडचा भाग कायम मागे राहतो, तिथे चिमट्याने उभं धरून भाजावं लागतं. आणि घाईघाईत नळाखाली धरून साल काढली की धुराचा वास सालीबरोबर मोरीत. हे पैशाने येत नाही, हात भाजूनच येतं. ज्याला येतं त्याला येतं म्हणा की! बँक बॅलन्स विचारून का दाद द्यायची?

मी स्वतः दर रविवारी भुट्ट्याचा कीस करतो. बारा कणसं किसायची, मग मंद आचेवर दूध घालत ढवळत बसायचं. दोन मिनिटं मोबाईल बघितला की बुडाला लागलाच. सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून खाताना कळत नाही ते.

तिसरी_गल्ली_मल्हारगंज

कणसं सोलतं कोण, भिया?

जीरावन_जास्त

...बायको. आणि ओटाही तीच पुसते. जाहीर कबुली.

तिसरी_गल्ली_मल्हारगंज

तेच म्हणायचं होतं. कोटी बाजूला ठेवा, तुमचं भांडण पैशाचं नाहीच. पुरुषाने कढई धरली की बातमी होते, बाईने धरली की सहा वाजले एवढंच कळतं. 2025 च्या सेलिब्रिटी मास्टरशेफमध्ये आपल्या उषाताई नाडकर्णी उतरल्या होत्या, ऐंशीला टेकलेल्या. आमच्या घरात त्यावर प्रतिक्रिया काय, तर "त्यांना येणारच, बाई आहेत." गौरव खन्ना जिंकला तेव्हा याच मंडळींनी "काय शिकलाय पोरगा!" म्हटलं. तो चांगलाच शिकला होता, त्याबद्दल वाद नाही. पण उषाताई काय पोटातून शिकून आल्या?

होळकर_मैदान

हे मान्य. तरी एक सांगू? अशा व्हिडिओने आमच्या चिरंजीवांनी पहिल्यांदा वांगं हातात घेतलं. माझ्या सांगण्याने दहा वर्षांत नव्हतं घेतलं. देव भरीत करतो म्हटल्यावर भक्ताला लाज कसली!

रामबागवाली

घेतलं, पण पुढे?

होळकर_मैदान

पुढे टोचे मारायला विसरला. छतापर्यंत वांगं. 😄

जीरावन_जास्त

काकू, राग मानू नका, पण तुम्ही मावशींचा दाखला दिलात म्हणून विचारतो. त्यांना तुम्ही किती देता?

रामबागवाली

तीन हजार. दोन वेळच्या पोळ्या, सकाळची भाजी.

तिसरी_गल्ली_मल्हारगंज

कधीपासून तीन?

रामबागवाली

चार वर्षं होतील या दिवाळीला. दिवाळीला साडी असते हो, आणि फराळही देते.

तिसरी_गल्ली_मल्हारगंज

चार वर्षांत तेलाचा डबा कुठून कुठे गेला, काकू.

रामबागवाली

कळलं, कळलं. मी काढलेला धागा माझ्याच गळ्यात. आज दुपारी त्यांना तो व्हिडिओ दाखवला होता, तेही सांगून टाकते. ओढणीला हात पुसत अख्खा बघितला. म्हणाल्या, "चांगलं करतोय की पोरगा." मीच उगाच चिडले होते, त्यांना काहीच वाटलं नाही. मग कणीक किती भिजवू विचारून आत गेल्या.

एक तारखेपासून साडेतीन करते. चार म्हणाल तर घरात विचारावं लागेल.

होळकर_मैदान

घ्या, लिलाव इथेच लागला. माझी बोली चार.